गप्पीची पिल्लं वाचवायला श्रीखंडाचा डबा पुरतो

परवा रात्री टाकीतली गप्पी मासोळी व्यायली आणि सकाळी मोजली तर सातच पिल्लं उरली, आता ब्रीडर बॉक्स (टाकीत पिल्लं वेगळी ठेवायचा डबा) विकत घेऊ का घरी काही जमेल, असं विचारलंय तुम्ही. घरीच जमतं हो. मी बारा-तेरा वर्षं गप्पी, मोली, प्लॅटी पाळतोय, विकतचा बॉक्स एकदाच आणला, त्यात आता स्क्रू ठेवतो.

पण आधी एक ऐका, आई पिल्लं खाते हे खरंच, तरी वेगळी काढलेली पिल्लं मरतात ती बहुतेक घाण पाण्याने. माझी पहिली खेप अशीच गेली. तीसेक पिल्लं हौसेने काचेच्या बरणीत काढली, दिवसातून चारदा उकडलेल्या अंड्याचा बलक घातला, तिसऱ्या दिवशी बघतो तर पाण्याला वास आणि सगळी तळाला. एवढ्याशा पाण्यात उरलेलं खाणं सडतं, अमोनिया वाढतो, खेळ खलास. म्हणजे पिल्लं वेगळी पाहिजेत पण पाणी मात्र मोठ्या टाकीतलंच पाहिजे.

तर श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा घ्या, साबण न लावता गरम पाण्याने चार वेळा धुवा. समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या कापा, खाली बोटभर जागा सोडून, आणि तिथे जुन्या मच्छरदाणीची जाळी लावा. हॉट ग्लूच्या भानगडीत पडू नका, असल्या गुळगुळीत प्लॅस्टिकला तो धरत नाही, पाण्यात गेला की सुटतो आणि पिल्लं फटीतून पसार. त्यापेक्षा दाभण गॅसवर तापवून कडेने भोकं पाडा आणि बारीक तंगूसने शिवून टाका. टोचताना आतून बाहेर टोचा बरं का, उलटं केलं की वितळलेल्या प्लॅस्टिकचं टोकदार बोंड आतल्या बाजूला येतं आणि पिल्लं त्यावर घासतात. काठाला थर्माकोलचे दोन तुकडे बांधले की डबा तरंगतो, काठ दोन बोटं पाण्यावर राहू द्या.

आता पाणी फिरवायचं. वायरिंगचा 20 एमएमचा पाइप येतो ना, त्याचा वीतभर तुकडा आणि एक एल्बो (काटकोनी जोड). पाइप डब्याच्या बाहेरून उभा बांधायचा, एल्बोचं तोंड डब्यात, अगदी पाण्याच्या पातळीला, आणि एअरपंपची नळी पाइपात खालून सरकवायची. बुडबुडे वर येताना पाणी ओढून आणतात, ते डब्यात पडतं आणि जाळीतून परत टाकीत जातं, डबा चोवीस तास ताजा. खालच्या तोंडाला स्पंज खोचला तर फिल्टरही झाला फुकटात (स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाच्या क्लोरीनने त्यातले चांगले बॅक्टेरिया मरतात). हवा किती सोडायची ते पिल्लंच सांगतात, पिल्लं आरामात एका जागी तरंगत असतील तर ठीक, सगळी जाळीला जाऊन चिकटली तर हवा कमी करा. आणि पंप टाकीच्या वर ठेवा, मी खाली ठेवला होता, रात्री लाईट गेली आणि नळीतून पाणी उलटं येऊन पंप गेला, फरशी भिजली ती वेगळीच.

खायला माशांचं रोजचंच फ्लेक (पापुद्र्यांचं खाणं) बोटात चुरून पिठासारखं करा, चिमटीपेक्षा कमी पण तीन-चारदा. बलक मात्र घालू नका. जमलं तर आर्टेमिया काढा, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ आणि त्यांची अंडी, बाटली उलटी टांगून आत हवा सोडा, एक-दीड दिवसात अंडी फुटतात. मग हवा बंद करून खाली टॉर्च धरा, जिवंत असतात ते उजेडाकडे जमतात आणि टरफलं वर राहतात. गाळून घाला, खारं पाणी टाकीत नको. पिल्लं कशी तुटून पडतात बघा, पोटं केशरी होतात.

पाणी काढताना बारीक नळी आणि पांढरी बादली, चुकून एखादं ओढलं गेलं तर बादलीत लगेच दिसतं.

महिना-सव्वा महिन्यात पिल्लू मोठ्यांच्या तोंडात मावेनासं झालं की सोडा, टाकीत एंजल मासा असेल तर अजून थांबा.

आणि व्यायच्या आधी आईला डब्यात कोंडायचं असं बरेच जण सांगतील, मला पटत नाही, ती घाबरते आणि कधीकधी पिल्लं अर्धवटच टाकते. त्यापेक्षा भांडी घासायची प्लॅस्टिकची नवी कोरी घासणी घ्या, तारेची नाही, ती उसवून मोकळी करा आणि दोन-तीन गुंते पाण्यावर तरंगत सोडा. पिल्लं जन्मल्या जन्मल्या त्यात शिरतात, सकाळी उचलून डब्यात झटकायची. तुमची परवा व्यायली म्हणजे पुढची खेप साधारण चार आठवड्यांनी, मधे नर काढून टाकलात तरी, कारण एकदाच्या मिलनावर तिचं काही महिने भागतं. घासणी तिसऱ्या आठवड्यातच टाकून ठेवा.