कोऱ्या पानावर सही करू नका : लोकप्रतिनिधींच्या हिशेबाविषयी वाचकांचे प्रश्न

लोकप्रतिनिधीला जाब कसा विचारायचा, याबद्दलच्या पत्रांत तेच ते घोळ पुन्हा पुन्हा दिसतात. सरपंचाचे काम आमदाराकडे मागितलेले असते, मुदत उलटल्यावर तक्रार केलेली असते आणि ऐकीव माहितीवर विसंबून अर्ज केलेला असतो. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मतदारसंघातल्या ५१ टक्के मतदारांनी सह्या केल्या की आमदारकी रद्द होते, असा संदेश फिरतो आहे. खरे का?

नाही. आमदार-खासदारांना मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. त्यासाठी कोणी फॉर्म भरून घेत असेल किंवा पैसे मागत असेल, तर देऊ नका.

प्रश्न : ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर विधानसभेची निवडणूक पुन्हा होते का?

होत नाही. उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मते, तोच निवडून येतो.

प्रश्न : ‘आमदार निधीतून’ असा फलक लावलेला आमच्या वस्तीतला काँक्रीट रस्ता ८ महिन्यांत उखडला. खर्च किती झाला आणि दोष कोणाचा, हे कसे कळेल?

आधी फलक विसरा. त्या निधीतला रुपया आमदाराच्या खिशातला नसतो आणि त्यांच्या खात्यावरही येत नाही. आमदार काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते आणि काम सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांसारखी यंत्रणा करते. त्यामुळे आमदारांच्या संपर्क कार्यालयात खेटे घालण्यात अर्थ नाही. कामाचा मान्यता क्रमांक जिल्हा नियोजन कार्यालयातून घ्या आणि पुढची कागदपत्रे काम करणाऱ्या यंत्रणेकडे मागा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पाने, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, पूर्णत्वाचा दाखला.

मग मोजमाप पुस्तिका हातात घेऊन रस्त्यावर जा. समजा, पुस्तिकेत लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर आणि जाडी १० सेंटिमीटर लिहिली आहे. म्हणजे ३६ घनमीटर काँक्रीटचे बिल निघाले. कडेला जाडी उघडी दिसते तिथे, निदान चार ठिकाणी, टेप लावा. जाडी ६ सेंटिमीटरच भरली, तर काँक्रीट २१.६ घनमीटरच पडले आहे. टेप लावलेले फोटो काढा. पण कुदळ घेऊन रस्ता खणू नका, गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. कडेची जाडी सगळ्या रस्त्याची नसतेही, म्हणून संयुक्त पाहणीची लेखी मागणी करा आणि मोजणी अभियंत्यासमोर होऊ द्या.

एक गोष्ट आजच पाहा. निविदेत दोष दायित्व कालावधी दिलेला असतो. तो संपेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि त्याची अनामत रक्कम अडकलेली असते. ‘पावसाळा जाऊ द्या’ हे उत्तर ऐकत बसलात, तर तो कालावधी निघून जातो.

प्रश्न : ग्रामसभेत आमच्या हजेरीच्या सह्या घेतल्या. दोन महिन्यांनी कळले की घरकुलाच्या यादीचा ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ आहे. तो विषय सभेत निघालाच नव्हता. काय करावे?

या प्रश्नावर सविस्तरच लिहायला हवे, कारण गावातला विश्वास तुटायला इथूनच सुरुवात होते.

ग्रामसभा म्हणजे सरपंचांनी दिलेले भाषण नव्हे. मागच्या वर्षाचा हिशेब, लेखापरीक्षणातले आक्षेप, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड हे सगळे तिथे मांडावे लागते. आर्थिक वर्षात निदान ४ सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पुरेसे कारण नसताना सभा टाळली, तर सरपंचपदावर गदा येऊ शकते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या हजर लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. नको असलेले विषय या तहकूब सभेत उरकले जातात, कारण लोक पहिल्या दिवशी घरी गेले की पुन्हा फिरकत नाहीत. तहकूब सभेची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी जा.

आता सहीचे. हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे. पण प्रोसिडिंगच्या वहीत मोकळ्या जागेखाली सही केली असेल, तर वरच्या जागेत नंतर काहीही लिहिता येते आणि तुम्ही नाकारलेत तरी तुमची सही तिथे असतेच. म्हणून सही करताना वर मजकूर आहे का ते पाहा. नसेल तर करू नका, कोणी ‘नुसती हजेरी आहे हो’ म्हटले तरी. सभा संपण्यापूर्वी प्रत्येक ठराव क्रमांकासह, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह वाचून दाखवायला सांगा. शेवटच्या ठरावाखाली रेघ मारून तिच्या लगेच खाली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या सह्या घ्यायला लावा. विरोध असेल तर ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहू देऊ नका. विरोध करणाऱ्यांची नावे नोंदवायला सांगा. तुमचा विषय सभेपूर्वीच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोच घ्या. तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात सापडत नाही, हे गावोगाव घडते.

तुमच्या प्रकरणात दोन महिने आधीच गेले आहेत. आणखी थांबू नका. त्या सभेची नोटीस, हजेरीपत्रक आणि इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती माहिती अधिकारात मागा. नोटिशीतल्या विषयांशी ठराव ताडून पाहा. सभेचे मोबाइलवरचे चित्रीकरण कोणाकडे असेल तर जपून ठेवा. मग हजर असलेल्यांच्या सह्यांनिशी गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या आणि प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. बनावट ठराव हा फौजदारी मामला होऊ शकतो, पण तसा आरोप लिहिण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न : सरपंच बाई आहेत, पण कारभार त्यांचे पती बघतात. हे चालते का?

चालत नाही. पतीला बैठकीत बसण्याचा, सही करण्याचा किंवा कर्मचाऱ्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही. तारीख-प्रसंगासह गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. तक्रारीचा रोख पतीच्या हस्तक्षेपावर ठेवा. बाईंना पदावरून काढणे हा यावरचा इलाज नव्हे.

प्रश्न : आमदारांनी प्रतिज्ञापत्रात एक जमीन लपवल्याचे निकालानंतर दोन वर्षांनी कळले. निवडणूक रद्द करता येईल का?

निवडणूक याचिका उच्च न्यायालयात निकालानंतर ४५ दिवसांत करावी लागते. ती वेळ गेली. खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घ्यायला न्यायालयाला साधारणपणे १ वर्षाची कालमर्यादा असते. ती कधीपासून मोजायची, हे वकीलच तुमचे कागद पाहून सांगू शकेल. आठवड्याच्या आत भेटा. सातबारा, फेरफार आणि प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत न्या. ती जमीन अर्ज भरण्याच्या दिवशी त्यांच्याच नावावर होती का, हे आधी तपासा. निम्म्या तक्रारी इथेच कोसळतात.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मतदानापूर्वीच निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. ती तेव्हा वाचायची असतात.

प्रश्न : ‘निधी का खर्च केला नाही?’ असा माहिती अर्ज केला. उत्तर आले, ‘माहिती उपलब्ध नाही’. एक जण २,००० रुपयांत ‘पक्का अर्ज’ करून देतो म्हणतो.

देऊ नका. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. ‘का’ विचारलेत की अधिकारी सुटतो, कारण त्याने फक्त दप्तरी असलेले कागद द्यायचे असतात. ‘अमुक वर्षात मिळालेला निधी, झालेला खर्च आणि शिल्लक दाखवणाऱ्या नोंदवहीच्या प्रती’ असे मागा. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा असमाधानकारक आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरही दिसतो, अर्जाआधी तो पाहून घ्या.

प्रश्न : सरपंचांवर अविश्वास ठराव आणायचा आहे. किती सह्या लागतात?

मतदारांच्या नव्हे, सदस्यांच्या लागतात. सरपंच थेट जनतेतून निवडलेले असतील, तर पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही आणि सदस्यांनी मंजूर केल्यावरही तो ग्रामसभेपुढे जातो. या कलमात गेल्या काही वर्षांत बरेच बदल झाले आहेत, म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नका. सह्या घेण्याआधी तहसील कार्यालयात सध्याची तरतूद विचारा. नोटिशीत चूक झाली, तर ठराव त्या कारणावरच फेटाळला जातो.