कॉलेज बास्केटबॉलची भरती : पालकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकेत हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. विनंतीवरून नावे दिलेली नाहीत. एनसीएए ही कॉलेजांतले खेळ चालवणारी संस्था; वन, टू, थ्री या तिच्या तीन डिव्हिजन, त्यांत वन सर्वांत वरची. तिचे नियम दर वर्षी बदलतात, म्हणून कुठल्याही करारावर सही करण्यापूर्वी त्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या ऑफिसकडून) एकदा खात्री करून घ्यावी.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. व्हार्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) पहिल्या पाचात खेळतो, सामन्यामागे १७ गुण. उंची ५ फूट १० इंच. डिव्हिजन वनमध्ये संधी आहे का? (न्यू जर्सी)

उत्तर : आधी आकडे पाहू. हायस्कूलच्या संघांत पाच लाखांहून जास्त मुलगे बास्केटबॉल खेळतात. त्यांतले शंभरात तीन-चार जण एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कुठे तरी पोहोचतात, आणि डिव्हिजन वनमध्ये शंभरात साधारण एक. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजे आहेत. २०२५-२६ पासून नव्या समझोत्यात (खेळाडूंना महसुलातला वाटा देण्याबाबत कोर्टात झालेल्या तडजोडीत) सामील झालेल्या कॉलेजांना संघात १५ खेळाडूंची मर्यादा आहे. स्कॉलरशिपशिवाय संघात घेतली जाणारी वॉक-ऑन मुले त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कमी झाली.

रिकाम्या होणाऱ्या जागा सगळ्या शाळेतून येणाऱ्यांना मिळत नाहीत, हा बदल बऱ्याच पालकांच्या अजून लक्षात आलेला नाही. ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसावे लागत नाही, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा कॉलेज बदलता येते. २०२५ च्या वसंतात पुरुषांच्या डिव्हिजन वनमधून दोन हजारांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते. कोचला पुढच्याच मोसमात सामने जिंकायचे असतात. अठरा वर्षांचा होतकरू मुलगा आणि कॉलेजचे दोन मोसम खेळून अंगाने भरलेला एकवीस वर्षांचा गार्ड यांत तो बहुतेकदा दुसऱ्याला घेतो.

१७ गुण कोणासमोर केले, हे कोच आधी विचारेल. ५ फूट १० इंचाच्या गार्डकडून अपेक्षा ठरलेल्या असतात : तीनच्या रेषेवरून ड्रिबल करतानाही भरवशाचा शॉट, टर्नओव्हरच्या (चेंडू गमावण्याच्या) किमान दुप्पट असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास), आणि समोरच्या गार्डला पूर्ण कोर्टभर दाबून धरणे. शेवटची गोष्ट नसेल तर कोच नाव बाजूला ठेवतो, कारण बुटक्या गार्डला विरोधी संघ स्क्रीन लावून (आडवे उभे राहून वाट अडवून) मुद्दाम मोठ्या खेळाडूसमोर आणतात. उंची अनवाणी मोजा. शूज घालून मोजलेला आकडा पाठवला तर पहिल्या भेटीतच उघडा पडतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही. हात पसरून आणि हात वर करून अशी दोन मापेही घेऊन ठेवा.

एक काम याच हिवाळ्यात करा. जवळच्या डिव्हिजन थ्री, टू आणि वन अशा तीन कॉलेजांचा एकेक सामना मुलाला दाखवा, आणि वॉर्म-अपच्या आधी जाऊन बसा. त्याच्याच जागेवर खेळणाऱ्यांचे खांदे, पहिले पाऊल, शॉट सुटायला लागणारा वेळ बघितला की आपण कुठे बसतो हे त्याचे त्यालाच कळते. डिव्हिजन थ्रीचा चांगला संघ पाहून पालक चकित होतात, कारण ती पातळी त्यांना वाटते त्याहून फार वरची असते.

प्रश्न : चार कॉलेजांकडून ‘एलिट कॅम्प’ची पत्रे आली आहेत. यालाच रिक्रूटिंग म्हणायचे का? (इलिनॉय)

उत्तर : नाही. ती पत्रे मोठ्या याद्यांवर जातात आणि कॅम्पची फी हे कॉलेजच्या बास्केटबॉल विभागाचे उत्पन्न असते. खरा रस असेल तर असिस्टंट कोच स्वतः फोन करतो, ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) मागतो आणि दुसऱ्यांदा सामना बघायला येतो. ज्या कॉलेजशी आधीच असे बोलणे चालू आहे, त्याच्याच कॅम्पला पैसे घाला.

प्रश्न : मुलाने साठ कोचना ईमेल केले, दोघांचेच उत्तर आले. काय चुकते आहे? (मिशिगन)

उत्तर : आधी तारीख बघा. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत कोचला मुलाला खासगी उत्तर देताच येत नाही. मुलाने लिहिलेले मात्र चालते आणि वाचलेही जाते. डिव्हिजन थ्रीमध्ये फोन आणि ईमेलवर असे बंधन नाही. तिथूनही उत्तर नसेल तर दोष पत्रात किंवा व्हिडिओत आहे.

पत्र हेड कोचला नको. भरती सांभाळणाऱ्या असिस्टंटला पाठवा. विषयाच्या ओळीतच हायस्कूल संपण्याचे वर्ष, जागा, उंची, जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि शहर येऊ द्या. आत सहा-सात ओळी पुरेत : याच कॉलेजचे नाव का निवडले याचे एक खरे कारण, व्हिडिओची लिंक, पुढच्या सामन्यांच्या तारखा, कोर्ट आणि जर्सी नंबर, शाळेच्या व क्लबच्या कोचचा फोन. पत्र मुलाने लिहावे. वडिलांनी लिहिलेले पत्र कोच दोन ओळींत ओळखतात.

व्हिडिओ तीन ते चार मिनिटांचा ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत चांगले पाच-सहा प्रसंग असावेत, कारण पुढे बघायचे की नाही हे तिथेच ठरते. प्रत्येक प्रसंगाच्या आधी क्षणभर चित्र थांबवून मुलाभोवती गोल दाखवा. संगीत नको, स्लो मोशन नको. मोकळ्या धावेतले ले-अप भरू नका, ते सगळ्यांकडे असतात. हाफ कोर्टमध्ये बचाव तुडुंब असताना घेतलेला निर्णय, चेंडू नसताना केलेली हालचाल, बॉक्स-आउट, चार्ज घेणे, मदतीच्या बचावाला वेळेवर पोहोचणे हे ठेवा. शेवटी दोन पूर्ण सामन्यांच्या लिंक द्या आणि त्यांतला एक तगड्या संघाविरुद्ध हरलेला असला तरी चालेल. चूक झाल्यावर मुलगा मागे धावतो की पंचाकडे हात पसरून उभा राहतो, हे कोच त्यातच बघतो. टक्केवारीसोबत प्रयत्नांची संख्या लिहा. २५ शॉटमधले ४० टक्के काही सांगत नाहीत, १५० मधले सांगतात.

यादीही सुधारा. साठही नावे डिव्हिजन वनची असतील तर पंधरा ठेवा आणि बाकी तिन्ही पातळ्यांत वाटा. त्या संघाचा रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडून बघा : मुलगा कॉलेजला जाईल त्या वर्षी त्याच्या जागेवरचे किती जण पदवी घेऊन बाहेर पडत आहेत? एकही नसेल तर ते पत्र वाया जाते.

क्लबची निवड इथेच येते. नायकी, आदिदास, अंडर आर्मरच्या सर्किटवरच्या (स्पर्धामालिकेतल्या) संघाचे नाव मोठे असते, पण तिथे बाकावर बसलेला मुलगा कोणाला दिसत नाही. लहान संघात २५ मिनिटे खेळलेले चांगले, फक्त तो संघ जुलैच्या इव्हॅल्युएशन काळात (कोचना मुलांचा खेळ पाहायची मुभा असते त्या काळात) एनसीएएने प्रमाणित केलेल्या स्पर्धांत उतरतो ना, हे विचारून घ्या. डिव्हिजन वनचे कोच त्या काळात तेवढ्याच स्पर्धांना जाऊ शकतात. शाळेच्या संघाला जूनच्या शेवटचे दोन शनिवार-रविवार मिळतात. कोर्टाच्या कडेला उभा कोच मुलाशी बोलला नाही म्हणून खट्टू होऊ नका, तिथे त्याला बोलायची परवानगी नसते.

प्रश्न : मुलाचे ग्रेड चांगले आहेत. एनसीएएच्या अभ्यासाच्या अटींची काळजी करायची गरज आहे का? (टेक्सस)

उत्तर : आहे. हुशार मुलेही अडकतात, कारण कोणी तपासत नाही. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स (एनसीएए मोजते ते मूळ विषय) लागतात : इंग्रजी ४ वर्षे, गणित ३ (अल्जेब्रा वन किंवा त्यावरचे), विज्ञान २, या तिघांपैकी कुठलेही आणखी १, समाजशास्त्र २, आणि वरील विषय, परकीय भाषा, धर्म किंवा तत्त्वज्ञान यांतून ४. यांतले १० कोर्स, त्यांत ७ इंग्रजी-गणित-विज्ञानाचे, बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. त्यांचे ग्रेड तिथेच गोठतात, नंतर तोच कोर्स पुन्हा करून सुधारता येत नाहीत. कोअर जीपीए किमान २.३ लागतो, डिव्हिजन टूला २.२. सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये निघाली.

नववीतच काउन्सेलरकडे जा आणि शाळेची मान्य कोर्सची यादी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर काढून विषय एकेक जुळवून पाहा. आठवीत केलेला अल्जेब्रा धरला जातो, पण तो ग्रेड आणि क्रेडिटसह हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर असेल तरच. उन्हाळ्यात केलेला ऑनलाइन कोर्स मान्य कार्यक्रमातला नसेल तर मोजला जात नाही, आणि हे बारावीच्या शेवटी कळले तर हातात काही उरत नाही.

प्रश्न : एका डिव्हिजन वन कोचने फोनवर ऑफर दिली. आता बाकीच्यांना ‘नाही’ असे कळवायचे का? (कॅलिफोर्निया)

उत्तर : थांबा. तोंडी ऑफर कोणालाच बांधत नाही. लेखी प्रस्ताव बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देता येत नाही आणि सही नोव्हेंबरपासून होते. पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (त्या कॉलेजला बांधून घेणारे पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले, आता आर्थिक मदतीच्या करारावरच सही होते. तो झाला की दुसरी कॉलेजे मुलाशी संपर्क करू शकत नाहीत.

कोचला सरळ विचारा : आज मी हो म्हटले तर जागा माझी का? याच जागेसाठी आणखी कितीजणांना ऑफर आहे? तुम्ही पोर्टलमधूनही गार्ड घेणार का? उत्तर घोळवले जात असेल तर ती ऑफर नाही, मुलाचे नाव यादीत ठेवले आहे इतकेच. पूर्वी पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये १३ स्कॉलरशिप असत आणि प्रत्येक पूर्ण असे. समझोत्यातल्या कॉलेजांना आता अर्धीमुर्धीही देता येते. म्हणून ट्यूशन, फी, राहणे, जेवण, पुस्तके यांतले काय भरणार आणि किती वर्षांसाठी, हे करारात वाचा. डिव्हिजन टूमध्ये तर १० स्कॉलरशिप पूर्ण संघात तुकड्यांनी वाटतात. राहण्या-जेवणाच्या रकमेवर कर लागतो, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : आमचा मुलगा एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहे. स्कॉलरशिप घेता येईल का? जाहिरातीचे पैसे? (वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : खेळता येते, स्कॉलरशिपही घेता येते, तो रोजगार नाही. जाहिरात, प्रमोशन किंवा कॉलेजच्या महसुलातला वाटा हा प्रश्न मात्र वेगळा आहे. एच-४ वरच्या मुलाला काम करण्याची परवानगी नसते आणि एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) ती फार मर्यादित असते. संघातल्या मित्राने शूजच्या पोस्टसाठी पाचशे डॉलर घेतले म्हणून आपणही घेतले, तर ती सही पुढे ग्रीन कार्डच्या वेळी समोर येऊ शकते. इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय असल्या कशावरही सही नको. २१ व्या वर्षी एच-४ संपतो, तेव्हा एफ-१ ची तयारी आधीच सुरू करा. फेडरल मदत एच-४ ला मिळत नाही. प्रत्येक कॉलेजला विचारा की मुलाला ते आर्थिक मदतीसाठी परदेशी अर्जदार धरतात का. उत्तर कॉलेजागणिक बदलते आणि त्यावर लाखभर डॉलरचा फरक पडू शकतो.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, अभ्यासात वरच्या क्रमांकावर. कोच म्हणतात डिव्हिजन थ्री बघा. स्कॉलरशिपच नसेल तर उपयोग काय? (मॅसॅच्युसेट्स)

उत्तर : आमच्या मते तुमच्या मुलीसाठी ही सर्वांत चांगली वाट असू शकते, आणि आपल्या घरांत तिच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नाही, हे खरे. पण शिकागो, एमरी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, कार्नेगी मेलन, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्स, एमआयटी ही सगळी डिव्हिजन थ्रीची कॉलेजे आहेत. तिथे बास्केटबॉल पैशाऐवजी प्रवेशात मदत करतो.

त्याची पद्धत अशी. अकरावीचे निकाल लागले की उन्हाळ्यात कोच ट्रान्सक्रिप्ट, टेस्टचे गुण आणि बारावीच्या विषयांची यादी मागवून ॲडमिशन ऑफिसला देतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून होकार, नकार किंवा ‘अमुक सुधारा’ असे उत्तर येते. मग कोच आपल्या मोजक्या पाठिंब्यांपैकी एक तिला द्यायचा का ते ठरवतो आणि बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर तिथेच येईन, या बोलीवर) अर्ज करायला सांगतो. तेव्हा कोचला विचारायचे प्रश्न चार आहेत : प्री-रीडचा निकाल नेमका काय? तुमच्या यादीत ती कितवी? तुमचा पूर्ण पाठिंबा आहे का? पूर्ण पाठिंबा दिलेल्यांपैकी अलीकडे कोणाला नकार आला का? चौथ्याला कोच आढेवेढे घेऊ लागला तर दुसऱ्या कॉलेजशी बोलणे चालू ठेवा. एमआयटीत अर्ली डिसिजन नाही आणि कोचच्या शब्दाला तिथे कमी वजन आहे.

अर्ली डिसिजन बांधून घालते. म्हणून अर्जाआधी कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर घरचे उत्पन्न घालून आकडा काढा आणि त्यांच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसकडून अंदाज लेखी मागा. मदतीची रक्कम कोच वाढवू शकत नाही.

आयव्ही लीगची आठ कॉलेजे डिव्हिजन वन असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत आणि नव्या समझोत्यातही सामील झालेली नाहीत. मदत फक्त गरजेवर मिळते. मुलीचा खेळ त्या पातळीचा असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी पत्रे पाठवा.

प्रश्न : कुठूनच ऑफर नाही. प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजआधीच्या खासगी शाळेत) एक वर्ष जादा काढावे का? (जॉर्जिया)

उत्तर : अंग उशिरा भरणारा, नुकताच तीन इंच वाढलेला किंवा अकरावीत दुखापतीने मोसम गेलेला मुलगा असेल तर विचार करा. ग्रेड सुधारायला म्हणून जात असाल तर नको : कोअर कोर्स नववीपासूनच्या आठ सत्रांतच पूर्ण व्हावे लागतात. वेळेवर हायस्कूल संपवल्यावर त्या जादा वर्षात फक्त एकच कोर्स मोजला जातो. फी खासगी कॉलेजसारखी असू शकते. ज्युनियर कॉलेज (दोन वर्षांचे कॉलेज) हा स्वस्त पर्याय आहे, आणि अशा कॉलेजांच्या एनजेसीएए या क्रीडा संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पूर्ण स्कॉलरशिपही देतात. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत मात्र खेळाची स्कॉलरशिप नसते. एनएआयए या एनसीएएबाहेरच्या संघटनेच्या कॉलेजांनाही पत्र पाठवा. जागा मिळवून देतो म्हणणारा एजंट स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्का मागत असेल तर तिथूनच परत फिरा, त्याने मुलाची पात्रताच धोक्यात येते.