लिनक्सच्या कर्नल मॉड्यूलमधून फाइल कशी वाचायची?

तुम्हाला कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लोड होणाऱ्या मॉड्यूलमधून कॉन्फिगची फाइल वाचायची आहे, आणि अडचण दुहेरी दिसते: फाइल उघडणारं एफओपन सापडत नाही, आणि नेटवरच्या उदाहरणातलं सेट_एफएस कंपाइल होत नाही. एफओपन सी लायब्ररीचं, ती कर्नलमध्ये नसतेच. सेट_एफएस ही जुनी पळवाट. व्हीएफएस_रीड या कर्नलच्या वाचणाऱ्या फंक्शनला यूजरच्या मेमरीतला पत्ता लागतो, म्हणून कर्नलचा बफर खपवायला पत्त्याची तपासणीच तात्पुरती गुंडाळून ठेवायची. परत चालू करायला विसरलात की सुरक्षेला भगदाड. कर्नल 5.10 पासून एक्स86वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) ती पळवाट गेली, बरंच झालं.

आता फिल्प_ओपनने उघडा, कर्नल_रीड किंवा कर्नल_राइट वापरा, फिल्प_क्लोजने बंद करा. कर्नल_रीडला फाइल, बफर, आकार आणि ऑफसेटचा पॉइंटर, याच क्रमाने द्या, 4.14च्या आधी क्रम वेगळा होता, त्यामुळे जुना कोड तसाच चिकटवू नका.

मी स्वतः इथे आपटलोय. फिल्प_ओपन फसलं तर नल देत नाही, एररचा आकडाच पॉइंटरच्या वेषात परत करतं. मी फक्त नल तपासलं होतं. फाइल जागेवर नव्हती, उणे 2 (‘फाइल नाही’ हा एरर) ‘पॉइंटर’ म्हणून पुढे गेला आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, भलंमोठं ऊप्स, म्हणजे कर्नलच्या चुकीचा रिपोर्ट. तिथे असा एरर ओळखणारं इज_एररच लावायचं.

शिवाय डिस्कची वाट पाहताना ही उघडणारी-वाचणारी फंक्शन्स झोपू शकतात, म्हणून जिथे झोपायला मनाई असते तिथे, म्हणजे इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक धरून, ती बोलवू नका. काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाका. आणि पाथ शोधला जातो तो त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसच्या रूटपासून. ती प्रोसेस कंटेनरमधली असेल तर तुमची फाइल तिला दिसेलच असं नाही.

खरं सांगू? तुमच्या कामाला मी हे करणारच नाही. फाइल कुठे ठेवायची, कशी लिहायची, हे यूजरकडच्या प्रोग्रॅमने ठरवावं. फर्मवेअरसारखा (उपकरणात भरायच्या प्रोग्रॅमसारखा) बायनरी डेटा असेल तर रिक्वेस्ट_फर्मवेअर आहे, ते /लिब/फर्मवेअरमध्ये शोधतं. माहिती यूजरकडे बाहेर द्यायची तर सिसएफएस, डीबगसाठी डीबगएफएस; दोन्ही कर्नलने फाइलींच्या रूपात दाखवलेल्या जागा. तुमच्या कॉन्फिगमध्ये दोनचारच आकडे असतील तर मॉड्यूल_परॅम (लोड करताना मॉड्यूलला आकडे देण्याची सोय) पुरे: /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत ‘ऑप्शन्स’ची एक ओळ लिहा, मॉडप्रोब ही कमांड मॉड्यूल लोड करतानाच ते आकडे मॉड्यूलच्या हातात देईल. (लोड करणारी दुसरी कमांड, इन्समॉड, मात्र ती ओळ वाचत नाही.)