डासांवर पोट भरतं का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डासांवर औषध का चालेनासं होतं, याच्या जनुकशास्त्रात तिला पुढे शिकायचंय. मी म्हणतो, बी.एड. कर. डासांवर कुणाचं पोट भरतं का?

उत्तर : दादा, हा विषय तुम्हाला अनोळखी नाही. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईना, तेव्हा शेतकरी तक्रार घेऊन आधी तुमच्यासारख्यांच्याच दारात आले असतील. मुलगी तोच प्रश्न डासाबद्दल विचारते आहे.

तुमच्या फळीवरचं सायपरमेथ्रिन आणि मच्छरदाणीला लावलेलं डेल्टामेथ्रिन एकाच घराण्यातलं, पायरेथ्रॉइड. डासाच्या मज्जापेशीत सोडियमची ये-जा होण्यासाठी प्रथिनाचं एक दार असतं. पायरेथ्रॉइड ते उघडंच अडकवून ठेवतं आणि डास तडफडून पडतो. या प्रथिनात १०१४ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीऐवजी) फेनिलअ‍ॅलनिन हे दुसरं आलं, की औषध तिथे नीट बसत नाही. डीडीटीचा माराही याच दारावर असल्यामुळे डीडीटीतून तगलेल्यांची पिल्लावळ पायरेथ्रॉइडसमोरही बरीच टिकते. काही डास वेगळी वाट धरतात. त्यांच्या अंगात पी-४५० नावाची विकरं (एन्झाइम) जास्त बनतात आणि औषध मज्जापेशीपर्यंत पोचायच्या आतच मोडून टाकतात.

आता यातला व्यवहार बघा. दुसऱ्या प्रकारच्या डासांसाठी मच्छरदाणीत पीबीओ हे रसायन मिसळतात, ते या विकरांनाच रोखतं. पहिल्या प्रकारात दारच बदललेलं, तिथे पीबीओचा उपयोग फारसा नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पायरेथ्रॉइडसोबत क्लोरफेनापिर हे दुसरं कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली, कारण त्याचा मारा मज्जासंस्थेवर नसतोच. म्हणजे कुठल्या गावात कुठली मच्छरदाणी वाटायची, हे डासाची जनुकं तपासून ठरवता येतं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस बऱ्याच ठिकाणी डीडीटी आणि मॅलॅथिऑन, दोन्हींना पुरून उरला आहे. तेव्हा काम संपायचं नाही.

पोटाचं आता स्पष्टच सांगतो. कायमच्या जागा थोड्या आहेत, आणि संशोधन प्रकल्पातली नोकरी प्रकल्पासोबत संपते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पण ती मिळेलच असं धरून चालू नका. मुंबई महापालिकेचा स्वतंत्र कीटकनाशक विभाग आहे, राज्याच्या हिवताप विभागात कीटकशास्त्रज्ञ असतात, घरगुती कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात.

माझ्या मते तिनं थेट पीएच.डी.चं स्वप्न न रंगवता आधी एम.एस्सी. करावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुदुच्चेरीतल्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एम.एस्सी. आहे. ही माझी पहिली पसंती, कारण तिथे डास हाताळायला मिळतात. नुसती बायोटेक्नॉलॉजी केली तर नळ्या-बाटल्यांतच दोन वर्षं जातात, हे माझं मत. प्राध्यापक मंडळी रागावतील. सोबत संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही संगणकभाषा शिकायला सांगा. जनुकांचा ढीगभर डेटा हल्ली कुणालाही मिळतो, तो वाचणारी माणसं मिळत नाहीत.

या सुट्टीत तिला जिल्हा हिवताप कार्यालयात जाऊ द्या. तिथल्या कीटक समाहारकांसोबत (डास गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांसोबत) पहाटे गोठ्यांतून डास पकडावेत. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास एक तास ठेवायचे आणि चोवीस तासांनी मेलेले मोजायचे, ही चाचणी पाहता आली तर उत्तमच. नव्वद टक्क्यांहून कमी मेले, तर प्रतिकार आला असं मानतात. महिनाभर हे करून तिचा उत्साह टिकला, तर पुदुच्चेरीच्या प्रवेशाच्या जाहिरातीवर नजर ठेवा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.