साहेबांच्या जाचाला कंटाळून, हातात दुसरी नोकरी नसताना पेपर टाकावा का?

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते असं: वय 33, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, कायम नोकरी, 4 वर्षं 7 महिने झालेत. वर्षापूर्वी नवे साहेब आले आणि तेव्हापासून सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत पाणउतारा, रविवारीही फोन. प्लांट हेडच्या कानावर घातलंत तर ते म्हणाले, "त्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका." मोशीच्या फ्लॅटचा हप्ता 26 हजार, पत्नीचा शाळेतला पगार 22 हजार, आईला मधुमेह आणि त्या कंपनीच्या मेडिक्लेमवर. तुमचं बेसिक 30 हजार, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. ऑफर हातात नाही, आणि येत्या सोमवारी पेपर टाकायचा, म्हणजे राजीनामा द्यायचा विचार आहे.

सोमवारी टाकू नका. पण ही नोकरी सोडा.

मी याच पट्ट्यातल्या कारखान्यांत एचआरचं काम करते, राजीनामे माझ्या टेबलावरून जातात. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे: पार्ट का रिजेक्ट झाला याच्या मुळाशी जायला अजूनही आवडतं. म्हणजे कामाला तुम्ही विटलेला नाहीत. क्वालिटीत कात्री असतेच. प्रॉडक्शनला माल डिस्पॅच करायचा असतो, कस्टमरच्या लाइनवर एक पार्ट अडला की 8डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा अहवाल, तुमच्याकडे मागतात. ती कात्री पुढच्या कंपनीतही असेल, ती नसेल अशा आशेने जाऊ नका. चारचौघांत अपमान मात्र कुठल्याही कामाचा भाग नाही. आणि प्लांट हेडने दिलेलं उत्तर मी फार गांभीर्याने घेते. वरच्या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि तो काही करणार नाही, असा त्याचा अर्थ. अशा ठिकाणी सुधारणेची वाट बघत बसलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा आधी आत्मविश्वास जातो आणि मग इंटरव्ह्यूमध्ये ते दिसतं.

तेव्हा प्रश्न उरतो तारखेचा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण लोक घाईत इथेच पैसे सोडतात.

कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग सेवेनंतर मिळते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झाल्यावर "आता एका वर्षात ग्रॅच्युइटी" असे मेसेज फिरले; ती सवलत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आहे, तुम्हाला नाही. ढोबळ हिशोब असा: बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. तुमच्या 30 हजारांवर पाच वर्षांचे साधारण 86,500 रुपये होतात. चार वर्षं आणि वर 240 दिवस झाले तरी ग्रॅच्युइटी द्यावी, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण त्यावर विसंबून राजीनामा देऊ नका. बऱ्याच कंपन्या ते मान्य करत नाहीत आणि मग भांडत बसावं लागतं.

आता नीट बघा. पाच वर्षं मोजतात ती शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. राजीनाम्याच्या तारखेशी त्याचा संबंध नाही, नोटीस पिरियड सेवेतच धरतात. तुम्हाला पाच महिने कमी आहेत आणि नोटीस दोन महिन्यांची. म्हणजे तुम्हाला साहेबांखाली मुकाट पाच महिने काढायचे नाहीत, तीन महिन्यांनी पेपर टाकता येतो. फक्त त्यावर दोनतीन आठवडे जास्तीचे धरा, कारण काही कंपन्या राजीनामा हातात पडला की माणसाला लवकर मोकळं करतात. नियुक्तीपत्रात त्याबद्दल काय लिहिलंय ते आजच काढून वाचा.

आईंचा विमा मला ग्रॅच्युइटीपेक्षा मोठा वाटतो. कंपनीचं कव्हर साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतं. नवी पॉलिसी कोरी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन केलं, म्हणजे कव्हर तिकडे वळवून घेतलं, तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्यात धरली जातात. हे नोकरीत असतानाच विचारायचं, एचआरकडून टीपीएचा, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीचा संपर्क घेऊन. बाहेर पडल्यावर कुणी दाद देत नाही.

पीएफ काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पीएफसोबतची पेन्शनची रक्कम मध्येच उचलली की पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची मोजणी तुटते.

या तीन महिन्यांत ऑफर शोधायची, आणि ती पगार चालू असतानाच. पत्नीच्या पगारात हप्तासुद्धा पुरा भागत नाही, त्यामुळे घरी बसल्यावर दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही मिळेल ते घ्याल, आणि समोरचा एचआर ते ओळखतो. तुमच्या अनुभवाला तळेगाव, रांजणगाव, भोसरीतही मागणी आहे. सप्लायर क्वालिटीच्या, म्हणजे पुरवठादारांकडच्या मालाचा दर्जा बघण्याच्या जागाही बघा, तिथे आठ तास एकाच साहेबाच्या नजरेखाली राहावं लागत नाही. तोवर रविवारी कस्टमरची लाइन खरोखर थांबली असेल तरच फोन घ्या, बाकीच्याला "उद्या सकाळी बघतो" एवढा मेसेज पुरे.

यात एकच अपवाद करते. रविवारी रात्री झोप लागत नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी सुरू करायची वेळ आली असेल, किंवा नको नको ते विचार मनात येत असतील, तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा, पत्नीला सांगा आणि लगेच बाहेर पडा. 86 हजार पुन्हा मिळवता येतात.

पेपर टाकल्यावर बहुधा पगार वाढवून देऊ म्हणतील. साहेब तेच राहणार असतील तर घेऊ नका. आणि नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नाही याचा फॉर्म आधीपासून डोक्यात ठेवा. स्टोअर, आयटी, कँटीन सह्या देतात, क्वालिटीवाल्याचं अडतं ते गेजपाशी, म्हणजे मापाच्या उपकरणांपाशी. तुमच्या नावावरचे व्हर्निअर, मायक्रोमीटर, त्यांचे कॅलिब्रेशन रेकॉर्ड आतापासूनच जुळवून ठेवा, कारण त्या फॉर्मवर पहिली सही याच साहेबांची लागते आणि रिलीव्हिंग लेटर त्यावर अवलंबून असतं.

रुजू झाल्याची तारीख आणि नियुक्तीपत्रातला नोटीस पिरियडचा मजकूर खाली लिहा, पेपर कोणत्या दिवशी टाकायचा ते मी मोजून सांगते.