विषमता, विषमांगता आणि ‘दाद न देणे’

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका भगिनींच्या वडिलांना स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे चेता-अंतःस्रावी (चेतापेशींसारख्या, पण संप्रेरके स्रवणाऱ्या) पेशींचा, कर्करोग आहे. अहवालातले ‘ट्यूमर हेटरोजेनिटी’ (गाठीतल्या पेशी एकसारख्या नसणे) आणि ‘रेझिस्टन्स’ (औषधाचा परिणाम न होणे) हे शब्द करवीर तालुक्यात ऊस पिकवणाऱ्या वडिलांना समजावताना ‘विषमता’ आणि ‘प्रतिकार’ म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही टाळावेत. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या, तिथे ‘विषमता’ म्हटले की उच्चनीचताच आधी आठवते. गाठीतल्या पेशी मात्र उच्चनीच नसतात, वेगवेगळ्या असतात. शाळेच्या विज्ञानात आपण ‘समांगी’ आणि ‘विषमांगी’ मिश्रणे शिकतो. त्यावरून ‘विषमांगता’ हा नेमका शब्द तयार मिळतो.

या कर्करोगात त्याची फार गरज भासते. पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारा की-६७ निर्देशांक ३ टक्क्यांखाली असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० टक्के असेल तर दुसरी आणि त्यावर तिसरी. पण हा आकडा एकाच गाठीच्या दोन भागांत, किंवा मूळ गाठीत आणि यकृतात पसरलेल्या गाठीत, वेगळा येऊ शकतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा शिजलेला असतो म्हणून. इथे तसा भरवसा नसल्याने तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यातही पेशींचे विभाजन सर्वांत जोरात असलेली जागा शोधून मोजणी करतात.

‘प्रतिकार’ची अडचण निराळी आहे. ‘प्रतिकारशक्ती’मुळे तो शब्द शरीराच्या बाजूचा झाला आहे, त्यामुळे ‘कर्करोगाचा प्रतिकार’ म्हटल्यास कोण कोणाशी झुंजते आहे हेच कळत नाही. त्यापेक्षा ‘उपचारांना दाद न देणे’ हा जिवंत वाक्प्रचार घ्यावा. (‘दाद’ फारसीतून आली, मूळ अर्थ न्याय, म्हणून आपण दाद मागतोही.) या कर्करोगावरचे ल्युटेशियम या धातूचे किरणोत्सारी औषध पेशीवरच्या सोमॅटोस्टॅटिन ग्राहींना (सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक जिथे चिकटते त्या जागांना) चिकटते, ज्या पेशींवर ते ग्राही नसतात त्या बऱ्याचदा वाचतात आणि पुढे त्यांचीच संख्या वाढते. फवारणीतून उरलेल्या किडीचे असेच होते, हे वडिलांना सांगावे लागणार नाही.

लेखी भाषांतरात ‘विषमांगता’ ठेवावी. वडिलांशी बोलताना मात्र मी त्यांच्याच शेतातला शब्द घेईन: “गाठीतल्या पेशी एका वाणाच्या नाहीत, म्हणून काहींवर औषध चालले आणि काहींनी त्याला दाद दिली नाही.”