दीडशे फोटो पाठवले आणि क्लायंट गायब

प्रश्न : नमस्कार सर, दोन वर्षं झाली पोर्ट्रेटची कामं घेतोय, फॅमिली, लहान बाळं, ऑफिसचे प्रोफाइल फोटो असं सगळं. शूट झालं की दीडशेएक फोटो एडिट करून लिंक पाठवतो, सोबत प्रिंटचं रेटकार्ड. उत्तर ठरलेलं, "मस्त आलेत, सध्या सॉफ्ट कॉपीच द्या, प्रिंटचं नंतर बघू." ते नंतर काही उगवत नाही. रेट कमी करू का?

उत्तर : रेट राहू द्या बाजूला, आधी त्या दीडशे फोटोंचं बोलू. मोबाईलवर लिंक उघडून दीडशेतले दहा निवडायचे हे कामच आहे हो, आणि ते तुम्ही क्लायंटच्या गळ्यात टाकून मोकळे झालात. एकाच हसण्याचे सात फोटो, सहाव्यात मान जराशी तिरकी, कोण बसणार ताडून बघत? रात्री निवांत बघू म्हणून तो मोबाईल खाली ठेवतो आणि तिथेच विषय संपतो. मीही सुरुवातीला हेच करायचो, वर त्यालाच चांगली सर्व्हिस समजायचो. आता एका शूटचे २५-३० दाखवतो आणि बाकीचे कुठे गेले असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

लिंक बंद करा. समोर बसवून टीव्हीवर मोठे करून दाखवा, क्लायंट लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करा. पहिल्या फेरीत नुसते बघू द्या, मध्ये बोलू नका (हे जमायला मला फार वेळ लागला), मग दोन-दोन शेजारी लावून "ह्यातला कुठला ठेवायचा?" एवढंच विचारत जा.

आणि ज्याचा फोटो आहे त्याला एकट्याला सिलेक्शनला बसवू नका. माणूस स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे उलटा, फोटोत मात्र भांग, तीळ, ओठांचा तिरकेपणा सगळं दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं, मग "ई, मी अशी दिसते?" हे आलंच. १९७७ साली अमेरिकेत ह्यावर एक अभ्यास झाला होता, त्यात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटवलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ छापलेला. म्हणून नवरा, बायको, आई, मैत्रीण, कुणीतरी सोबत बोलवाच. "हाच घे गं, किती छान आलीयेस" हे तुम्ही दहा वेळा म्हणून जे होत नाही ते त्यांच्या एकदा म्हणण्याने होतं, शिवाय "घरी विचारून सांगते" ही पळवाटही राहत नाही.

साइजचं पण तसंच. ८ बाय १० इंच ऐकायला मोठं वाटतं, भिंतीवर लावलं की वहीएवढं दिसतं. त्यांच्याकडून भिंतीचा फोटो मागवा, सोफ्याची लांबी विचारा आणि त्या मापात त्यांचा फोटो भिंतीवर बसवून दाखवा, रेटकार्डने जे झालं नाही ते ह्याने होतं बघा. एक मोठी प्रिंट मात्र हातात द्यायला हवी, कागदाचं वजन स्क्रीनवर कळत नाही. फाइल पुरेल का ही भीती नको, ८ बाय १० ला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, २० बाय ३० लोक लांबून बघतात म्हणून १५० वरही चालतं, म्हणजे साडेतेरा मेगापिक्सेल. फक्त तुमच्या कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ असेल तर ८ बाय १२ अख्खा बसतो आणि ८ बाय १० ला दोन इंच उडतात, तेव्हा काढतानाच डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडा.

सॉफ्ट कॉपी नाहीच म्हणू नका, लोकांना ती हवी असते आणि त्यात काही चूक नाही. जी प्रिंट घेतली त्या फोटोची फाइल सोबत, नुसती फाइल हवी तर तिचा वेगळा आणि नीट रेट. फाइल फुकटात गेली तर प्रिंट तुमच्याकडून कशाला घेतील? हे सगळं शूटच्या आधी सांगायचं, लिहून, घरगुती वापर कुठपर्यंत आणि जाहिरातीत वापरायचा तर परत विचारायचं हेही त्यातच. फोटो बघून डोळे भरून आलेल्या आईला त्या क्षणी पहिल्यांदा रेट सांगणं मला तरी जमत नाही.

प्रश्न : स्क्रीनवर छान दिसतं, लॅबमधून प्रिंट काळपट येते. क्लायंटने परत केली. लॅब बदलू?

उत्तर : बहुतेक तुमचा मॉनिटर फार उजळ आहे, त्यामुळे तुम्ही फोटो गरजेपेक्षा गडद एडिट करताय. ब्राइटनेस १०० ते १२० कॅन्डेलाच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास आणून कॅलिब्रेट करा, म्हणजे स्क्रीनचे रंग ठरलेल्या मापाला जुळवून घ्या, लॅबचं प्रोफाइल (त्यांच्या मशीनवर आणि कागदावर रंग कसे येतात त्याची फाइल) मागून घ्या, त्यांनी काही सांगितलं नाही तर एसआरजीबी ह्या नेहमीच्या रंगपद्धतीत फाइल द्या आणि मोठ्या ऑर्डरआधी त्याच कागदावर एक छोटी टेस्ट प्रिंट काढा. तोवर ह्या क्लायंटला नवीन प्रिंट आपल्या खर्चाने, काही न बोलता.